पाखडात बैल किती

त्या गावात आम्ही बिऱ्हाड घेऊन गेलो तेव्हा घरमालक आधी आमच्याशी बोललेच नाहीत. ते गाडीच्या बैलांशी बोलले. दारात गाडी थांबली, मी पेटीवरून खाली उतरले, आमचे हे टोपी सारखी करून नमस्काराला वाकले, आणि मालक आम्हांला ओलांडून सरळ उजव्या बैलाकडे गेले. त्याच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाले, "लय दुरून आले का जी तुमी? पानी पेता?" बैलांना पाणी पाजून झालं, गाडीवानाला दोन शब्द ऐकवून झाले, मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मास्तर, मोताळ्याहून इथं दोनच कोस हाय. पाय दुखत होते काय?"

"सामान होतं," हे म्हणाले.

"सामान मी आनलं असतं ना."

मला वाटलं, बोलायची रीत असेल. पुढे कळलं की त्यांनी खरंच आणलं असतं, डोक्यावर, दोन खेपा करून, आणि वर आम्हांलाच हात जोडले असते.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा आणि आमच्या ह्यांच्या बदल्या बुलढाण्याहून निघायच्या. मी सतरा-अठरा वर्षांची होते. माहेर अकोल्याचं, त्यामुळे खेड्यातलं मला सगळंच माहीत आहे असा माझा समज होता. आता वय झालं, सगळे समज गळून गेले. त्या घरात आम्ही दोन वर्षांहून थोडं कमी राहिलो, आणि त्या दिवसांची आठवण आली की मला आधी माझा उजवा खांदा आठवतो, मग माणसं आठवतात.

मालक उंच होते, चालताना थोडे पुढे झुकलेले. अंगावरचा सदरा इतका ठिगळलेला की मूळ कापड कुठलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी नव्वद एकर जमीन असलेला माणूस असा का राहतो, हे मी पहिल्याच आठवड्यात काकूंना, म्हणजे मालकीणबाईंना, विचारलं. त्या म्हणाल्या, "कापसात बैल हाय म्हनते. जुनं फाटेलोक घालीन, नवं घेनार नाही. जुनं पाप झालं थे झालं."

हेच त्यांचं वेड. कुठलीही वस्तू समोर आली की मालक तिच्याकडे बघून विचारत, "यात बैल किती?" गुळाची ढेप असो, पाटलाच्या घरचं बुंदीचं ताट असो, की माझं नवं लुगडं असो. संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ द्यायला गेले तर हात मागे घेऊन त्यांनी हिशेब मांडला. तिळाच्या पेरणीला दोन बैल, तण काढायच्या डवऱ्याला दोन, उसाच्या चरकाला दोन, बाजाराच्या गाडीला दोन. "आठ बैल झाले, बाई. एका वडीत आठ बैल. मले नाही पचत." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "गोड बोलतोच मी. त्याले तीळ कायले लागते?"

गावात त्यांना तोंडावर मालक म्हणत आणि पाठीमागे पाखड्या. पाखड म्हणजे रानातला सावा. नाल्याकाठी, पडीत जागेत आपोआप उगवणारं गवत. त्याच्या लोंब्यांना मोहरीहून बारीक दाणे येतात. माणसं ते वर्षातून एकदाच खातात, तीही बायका, ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं पोटात घालायचं नसतं, म्हणून परसात हाताने लावलेली भाजी आणि न नांगरता आलेलं हे धान्य. मालकांनी ते बाराही महिने खायला घेतलं होतं.

का, ते काकूंनीच सांगितलं. त्या बोलायच्या कमी. सूप हातात असलं की मात्र तोंड उघडायच्या, कारण तेव्हा समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"चांद्या नावाचा बैल होता आमचा. कपाळावर चांद होता. वैशाखात वखर चालू होतं, अन् थो बसला. उठेच ना. यायनं तुतारी टोचली. एक डाव, दोन डाव. तिसऱ्या डावाले उठला, चार पावलं चालला, अन् जू मानेवर असतानाच पडला. मरतानी यायच्याकडेच पाहत होता म्हनते. आता मले का मालूम, बैल मरतानी कुठं पाहते."

तुतारी म्हणजे टोकाला खिळा लावलेली बैल हाकायची काठी. ती ओसरीच्या आढ्याला खोचलेली होती आणि मालक तिच्याखालून जाताना दरवेळी मान खाली घालत. उंचीमुळे घालतात असं मला वाटायचं.

त्या साली ऋषिपंचमीला काकू पाखडाचा भात घेऊन बसल्या होत्या. मालकांनी विचारलं, हे काय. त्यांनी सांगितलं, आज बैलाच्या मेहनतीचं खात नाहीत. इतकी वर्षं संसार झाला, दरसाल हे ताट त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं होतं. त्या दिवशी मात्र ते तिथेच खाली बसले.

"म्हने, मंग उद्या काऊन खातो आपन? वर्सातून एक दिवस कीव, अन् बाकीच्या दिवसाईले तुतारी? मी म्हनलं, बाप्पा, रीत हाय. तर उठून नाल्यावर गेले अन् ओटीभर लोंब्या तोडून आनल्या. तवापासून हे असं."

पहिल्या साली त्यांनी नुसतं बी जमवलं. दुसऱ्या साली नाल्याकाठच्या दीड एकरात ते हाताने फेकलं, वर मातीचा हात फिरावा म्हणून बाभळीची फांदी स्वतः ओढली, आणि धान्य घरात येऊ लागल्यावर देवापुढे बोलले: या ऋषिपंचमीपासून पुढच्या ऋषिपंचमीपर्यंत बैलाच्या कष्टाचा एक दाणा पोटात जाऊ देणार नाही. तसं वर्ष निभलं की चांद्या आपल्याला माफ करील. त्या वर्षाचा तिसरा महिना चालू असताना आम्ही तिथे राहायला गेलो.

बाकीची जमीन त्यांनी बटईने, अर्ध्या पिकाच्या बोलीने, लावून टाकली होती. म्हणजे तिथे बैल राबतच होते, फक्त दुसऱ्याचे. हे मी एकदा बोलून दाखवलं तर ते कसनुसं हसले. "तुमी बराबर बोलता, बाई. पन माह्या हातानं कोनाले टोचलं नाही ना? मी एवढंच सांभाळू शकतो." त्यांचे स्वतःचे चार बैल गोठ्यात उभे राहून खात होते. अंगावर इतकी चकाकी की अमावास्येला दिवा लावायला नको.

वेडा माणूस म्हटला की लोक हसतात, पण वेड निभवायला त्याला फार राबावं लागतं. मीठ मलकापूरच्या स्टेशनावरून गाडीने येतं, गाडीला बैल असतात, म्हणून मालक मीठ आणायला मलकापूरला चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पोतं घेऊन परत आले. तेलाची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीत झाली. बांधावर हाताने टोचलेल्या अंबाडीचं बी त्यांच्याकडे होतं, पण घाणा बैल फिरवतो. गावातला घाणेवाला एक म्हातारा मुसलमान, त्याला सगळे चाचा म्हणत. मालकांनी चाचाच्या बैलाला सोडून बाहेर बांधायला लावलं आणि घाण्याचं जू स्वतःच्या छातीशी घेतलं. सकाळी सुरू केलं ते दुपारपर्यंत गोल गोल फिरत होते. शाळा सुटल्यासारखं सगळं गाव तिथे जमलं. खरं तर शाळा सुटलीच होती, कारण मास्तरही तिथेच होते. बैल बाजूला रवंथ करत बघत होता.

मालक दमून थांबले तसा चाचा कपाळावर हात मारून म्हणाला, "मालक, बैल रुकला का मी त्याले गाली देतो. तुमाले काय देऊ, सांगा!"

"देना बे. तीच दे. त्याच्या वाट्याची हाय."

चाचाने दिली नाही. उलट पुढे होऊन जुवाची दुसरी बाजू धरली. तेल निघालं ते शेरभरही नसेल. काकूंनी ते वर्षभर थेंबाथेंबाने पुरवलं.

एकदा शेतीखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. मालकांनी त्यांना गाठून घरी आणलं, पाखडाचा घाटा, म्हणजे घट्ट पेज, आणि ताक पुढे ठेवलं, आणि हे धान्य सरकारने सगळ्या वऱ्हाडात लावावं अशी गळ घातली. साहेबांनी चमचाभर खाल्लं, मान डोलावली आणि वही काढून विचारलं, "एकरी उत्पन्न किती?"

मालक म्हणाले, "एकरी बैल किती लागते थे इचारा ना, साहेब."

"किती?"

"एकबी नाही."

साहेबांनी वही मिटली. जाताना ह्यांना हळूच म्हणाले, की माणूस सज्जन आहे, सांभाळा. सज्जन होतेच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता धान्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाखड पिकतं पण एका दिवशी पिकत नाही. लोंबीचा शेंडा पिकून गळतो तेव्हा बूड हिरवं असतं. ज्वारीसारखं कापून खळ्यावर घालू म्हटलं तर दाणा वावरातच राहतो. म्हणून रोज दोनदा जायचं, लोंबीखाली सूप धरायचं आणि वरून हात फिरवायचा. हे मालक स्वतः करत, न थकता. पण दाणा घरात आला की त्यांच्या दृष्टीने काम झालं. कष्ट वावरात असतात, घरात असतो तो स्वैपाक, अशी पुरुषांची समजूत असते. दाण्याची साल इतकी चिवट की एकदा कांडून निघत नाही. उखळात कांडा, पाखडा, पुन्हा कांडा, पुन्हा पाखडा, तिसऱ्यांदा कांडा. निम्मं सुपातून उडून जातं. मग जात्यावर बसा. दोन माणसांच्या दोन वेळच्या पोटाला सगळी सकाळ जायची. मालकांनी काकूंना सक्ती केली नव्हती, हेही खरं. "तू ज्वारी खाय ना, तुले कोनी मना केलं?" असं ते म्हणत. पण नवरा घाटा खात असताना त्याच्यापुढे ज्वारीची भाकर मोडून खाणारी बाई त्या काळात जन्माला यायची होती.

आणि आमच्या ह्यांना ती पाखडाची भाकर आवडली! "गोडसर लागते," म्हणाले. मालकांना कोण आनंद. जगात आपल्या बाजूने एक तरी शिकलेला माणूस आहे म्हणून ते रोज आमच्याकडे वाडगाभर पीठ पाठवू लागले. ते पीठ आभाळातून पडत नव्हतं, म्हणून मी काकूंबरोबर उखळाशी उभी राहू लागले. दोन मुसळं, एकीचं वर तर एकीचं खाली. सकाळी उठल्यापासून ओसरीवर तोच आवाज. मालक दारातून जाताना थांबून ऐकत आणि म्हणत, "ऐका मास्तर, बैलाचा हुंकारा नाही, चाबकाचा आवाज नाही. किती शांत काम हाय!"

हे मान डोलवत.

उन्हाळ्यापर्यंत काकूंचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. त्यांची वेणी मी घालायचे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मी तरी कुठे बोलले? मला वाटायचं, बाईचा खांदा दुखतोच. खोटं कशाला सांगू, ते मला इतकं साधं वाटत होतं की त्यात मालकांच्या वेडाचा काही संबंध आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. पाऊस पडला, मालकांनी पुन्हा बी फेकलं, श्रावण संपत आला. वावरात नवं पाखड गुडघाभर उभं राहिलं, शेंडे पिकू लागले. पोळा आला की वर्ष पुरं व्हायला पाचच दिवस राहणार होते, कारण पोळ्याच्या पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. मालक दिवस बोटांवर मोजत होते. चेहऱ्यावर असं काही तेज, की तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाच्या तोंडावर असेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू घेऊन सुजलेल्या मानेला कोमट पाण्याचा शेक द्यायचा, हळद-तूप चोळायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. दिवेलागणीच्या आधी मालकांनी चारी बैल अंगणात ओळीने बांधले. हातात फडकं घेऊन उभे. काकू चुलीवरून ऊन पाण्याचं तपेलं घेऊन आल्या. मी हळद-तुपाची वाटी धरून होते. तपेलं मालकांच्या हाती द्यायला काकूंनी ते उचललं, हात खांद्यातून सुटल्यासारखा झाला, आणि सगळं पाणी अंगणात सांडलं.

"अवो, पाह्यत जा ना जरा! बैलाच्या पायावर पडलं असतं!"

काकू डाव्या हाताने उजवा खांदा धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"चालत नाही."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

मालकांना अजून कळलं नव्हतं. त्यांचा एक हात सवयीने बैलाच्या मानेवर होता. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आवाज न चढवता, दूध सांडल्याचं सांगावं तशा, "त्याले काय शेकता? त्याच्या खांद्याले वर्सभर जू लागलं नाही. घट्टा हाय का पाहा."

मालकांनी पाहिलं. बैलाचा खांदा वासरासारखा मऊ होता.

"तुमी साऱ्यायले इचारता, यात बैल किती," काकू म्हणाल्या. "एक डाव पाखडाले बी इचारा."

मी वाटीकडे बघत होते. अंगणात चार बैल शेपट्या हलवत उभे होते. मालकांचे ओठ हलत होते. तिळगुळाच्या वेळी हलले होते तसेच. कांडणं, पाखडणं, पुन्हा कांडणं, दळणं. मग ते म्हणाले, "एक."

आणि मग थोड्या वेळाने, मला उद्देशून, "एक नाही बाई. दोन."

त्यांनी चुलीवरून स्वतः दुसरं पाणी आणलं. काकूंना ओट्यावर बसवलं. त्या लाजेने अर्ध्या झाल्या, "अवो काय करता, लोक पाहून राह्यले," म्हणाल्या, आणि लोक खरंच पाहत होते, कारण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर असतं. मालकांनी पदरावरूनच खांद्याला शेक दिला. माझ्या हातातली वाटी घेतली. हळद-तूप चोळलं, बैलाला चोळतात तसं, मानेपासून दंडापर्यंत, अंगठ्याने दाबत. आणि बैलांना म्हणायचे ते शब्द काकूंना म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." रडत होते की काय, ते मला सांगता येणार नाही. काकू मात्र रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पुरणपोळी खाल्ली. गव्हाची, हरभऱ्याची, गुळाची. मोजले असते तर गोठाभर बैल निघाले असते. गावातले चार जण आले, चाचाही आला. म्हणाले, पाचच दिवस राहिले, नेम मोडू नका. काकू स्वतः म्हणाल्या, "पाच दिवस त राह्यले. मी कांडतो ना." तिकडच्या बायकाही जातो-करतो असंच बोलतात. मालक म्हणाले, "एकाले टोचून मारलं. त्याची माफी मांगाले दुसऱ्याले टोचत होतो. चांद्याले समजत नसंन काय?" आणि पोळी तोडली. त्यांना ती गोड लागली असं मला वाटलं नाही. पण पानातलं सगळं संपवून ते उठले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चारी बैल नाल्याकाठच्या वावरात सोडले. पिकत आलेलं पाखड बैलांनी दुपारपर्यंत बुंध्यापर्यंत खाल्लं. मालक बांधावर बसून बघत होते. शेवटी ते गवतच होतं, आणि बैलांना ते आवडत होतं. त्या साली मालकांनी पुन्हा वखर जुंपलं. तुतारी मात्र आढ्यावरून खाली काढली नाही. वखर चालताना ते बैलांच्या शेजारून चालत आणि त्यांना "चला जी, थोडं राह्यलं" असं म्हणत. कामं उशिरा व्हायची. काकूंचा हात पुढे अर्धाच वर जायचा. वेणी मी निघेपर्यंत मीच घातली. नंतर कोणी घातली, माहीत नाही.

आम्ही पुढच्या सालच्या दिवाळीनंतर बदलून देऊळघाटला गेलो. निघताना मालकांनी सामान डोक्यावर घ्यायचा हट्ट केला नाही. गाडीच्या बैलांना पाणी पाजलं आणि मला म्हणाले, "खांदा सांभाळा, बाई."

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. मालक काकूंचा खांदा शेकत होते तेव्हा आमचे हे आमच्या खोलीच्या दारातच उभे होते. सगळं त्यांनी पाहिलं होतं. मालकांनी मला उद्देशून "दोन" म्हटलेलं तर नीट ऐकलं होतं. मी रिकामी वाटी घेऊन आत आले, हाताला हळद तशीच होती. ते माझ्या मागोमाग आत आले, टोपी खुंटीला लावली, आणि हसून म्हणाले, "वेडाच आहे माणूस. बरं, वाढ आता. पाखडाची आहे ना अजून?"

होती. मी हात धुतला आणि वाढलं.